भीतीचा रकाना

बुधवार, ८ जानेवारी

ही वही मी सोनिया मॅडमच्या सांगण्यावरून लिहितो आहे. मॅडम डॉक्टर नाहीत. हृदयाच्या पेशंटना दर बुधवारी दवाखान्यात बोलावून चालायला लावणं आणि प्रश्न विचारणं हे त्यांचं काम आहे. वहीत चार रकाने आखून दिले आहेत. तारीख, बीपी, नाडी आणि भीती. भीती शून्य ते दहा या मापात लिहायची आणि खाली दिवसभराचं जे सुचेल ते.

भीती मोजायचं मशीन कुठे मिळतं, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, "काका, अंदाजाने लिहा." अंदाजाने लिहिणं मला आवडत नाही. शेंद्र्याच्या कंपनीत सव्वीस वर्षं मी टाइम ऑफिसला होतो. एकाचं कार्ड दुसऱ्याने पंच केलं तर मी चेहऱ्यावरून ओळखायचो. खोटी हजेरी माझ्या हातून कधी सुटली नाही. मागच्या वर्षी रिटायर झालो तेव्हा निरोप समारंभाला टाळ्या कमी पडल्या त्या यामुळेच.

१४ डिसेंबरला सकाळी बाथरूममध्ये अटॅक आला. कडी आतून लावलेली होती. ती काढायला मला किती वेळ लागला ते आठवत नाही. रत्नमाला, म्हणजे आमची मंडळी, म्हणते पाच मिनिटं. तिचं घड्याळ नेहमी पुढे असतं. दोन स्टेंट टाकले. आता मी ठणठणीत आहे.

बीपी १३०/८४. नाडी ७८. भीती शून्य.

रविवार, १२ जानेवारी

बाथरूमच्या दाराची कडी निखळली आहे. चारही स्क्रू गायब. दवाखान्यातून आलो तेव्हापासून नाही, पण मी आज नोंद घेतो आहे. हल्ली माल असाच येतो. रत्नमालाला सुतार बोलवायला सांगितलं. ती म्हणाली, सुतार गावाला गेलाय. महिना होत आला, सुतार गावालाच आहे.

दुसरं म्हणजे, आजारपण मला आलं आणि नाद तिला लागला. मी अंघोळीला बसलो की ही बाथरूमबाहेर काहीतरी धूत बसते आणि दर दोन मिनिटांनी विचारते, "अहो, पाणी गरम हाय का?" बत्तीस वर्षांच्या संसारात हिने पाण्याची कधी चौकशी केली नव्हती. मी पहिल्यांदा "हो" म्हणतो, दुसऱ्यांदा "हो हो" म्हणतो, तिसऱ्यांदा खाकरतो. खाकरलेलंही तिला चालतं.

नाडी आज चौदा वेळा मोजली. सवय असावी म्हणून. भीती शून्य.

मंगळवार, १४ जानेवारी

आज नामविस्तार दिन. चौऱ्याण्णव सालापासून एकही वर्ष विद्यापीठ गेट चुकवलं नव्हतं. यंदा चुकलं. गर्दीत कोणाचा धक्का लागला तर काय घ्या, असं रत्नमालाला वाटेल म्हणून मी गेलो नाही. तिला तसं वाटत नव्हतं. ती सकाळपासून पांढरी साडी नेसून तयार होती. मग बदलली. म्हणाली, "गेट कुठं पळून जात नाय."

संध्याकाळी गेटवरून येताना रामकिसन भेटायला आला. हा कंपनीत स्टोअरला होता. "जय भीम" म्हणून बसला, चहा घेतला आणि म्हणाला, "आमच्या साडूला बी दोनच स्टेंट टाकले व्हते." मी विचारलं, "मग?" तो म्हणाला, "मग काय!" आणि तिळाचा दुसरा लाडू उचलला.

अटॅकपासून आतापर्यंत भेटायला एकतीस जण आले. त्यांच्यापैकी बावीस जणांच्या नात्यात कोणी ना कोणी याच दुखण्याने गेलेलं आहे. उरलेल्या नऊ जणांनी शेजाऱ्याचं सांगितलं. माणसं प्रेमाने येतात, त्यांना नाही म्हणता येत नाही. जाताना सगळे "काळजी करू नका" असं सांगून जातात.

भीती शून्य. रामकिसन गेल्यावर नाडी ९६.

बुधवार, १५ जानेवारी

मॅडमनी आज सगळ्या पेशंटच्या जोड्या लावल्या. माझ्या वाट्याला बन्सी तुपे आला. वय बासष्ट, शेंद्र्याचा शेतकरी, बायपास झालेला. निम्मी जमीन एमआयडीसीत गेली, उरलेल्या तीन एकरांत मोसंबी आहे. खदाखदा हसतो. चालायच्या मशीनवर त्याने चपला काढून नमस्कार केला आणि मगच पाय ठेवला.

मॅडमनी मला बाजूला घेऊन हळूच सांगितलं, "तुपे काका वरून हसतात, पण आतून फार घाबरलेले आहेत. तुम्ही शिस्तीचे आहात, त्यांच्यावर लक्ष ठेवा." मी होकार दिला. मग त्यांनी बन्सीला दुसऱ्या कोपऱ्यात नेलं आणि त्याच्याशीही तेवढाच वेळ बोलल्या. माझं ऐकत जा असं सांगितलं असणार. परत आल्यावर तो माझ्याकडे फार मायेने बघत होता. घाबरलेली माणसं अशीच बघतात.

रोज एकमेकांची खबर घ्यायची ठरली. पद्धत बन्सीने काढली. "सकाळी साडेसहाला मी मिस कॉल देतो. तुमी उलटा द्यायचा. उचलायचा नाय."

"का? आता तर कॉल फुकट असतात."

"बोलत बसलं का दुखणं निघतं साहेब. नुसतं वाजलं का कळलं, गडी जिता हाय."

"आणि उचलला तर?"

"उचलला म्हंजी कायतरी झालं. मंग पळायचं."

पद्धत साधी आहे. अशा पद्धतीत चूक होत नाही. घरी आल्यावर मी बन्सीसाठी मस्टर आखलं.

भीती शून्य.

शनिवार, २५ जानेवारी

बन्सीची हजेरी समाधानकारक. तीन वेळा लेट. सहा एकतीस, सहा तेहेतीस आणि परवा सहा पस्तीस. कंपनीत तीन लेटला अर्धी रजा कापत होतो. परवा सहा तीस ते सहा पस्तीस मी फोन हातात धरून उभा होतो. त्याच्या काळजीने.

आमची तनुजा पिंपरीला असते. १० मार्च ही तिला दिलेली तारीख आहे. पहिलं बाळंतपण आईकडे व्हायचं, ती इथेच येणार होती, पण माझ्या दुखण्यामुळे जावई म्हणाले, तिथेच करू. जावयाचं नाव सम्यक, समजूतदार आहे. तेव्हा आता रत्नमालाने तिकडे जायचं. दीड महिना. २२ फेब्रुवारीचं बसचं तिकीट काढलं आहे.

मी म्हटलं, "जा की. माझं काय अडलंय?"

नंतर सहज काही अडचणी तिच्या कानावर घातल्या. नळाचं पाणी आठवड्यातून एकदा येतं, ते कोण भरणार. गॅस संपला तर. दूधवाला मला ओळखत नाही. ती म्हणाली, "वीस वर्षं तुमीच पैसे देता त्याला." हेही खरं.

भीती शून्य.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

तनुजाला इकडेच आणता येईल का, असं मी सुचवलं. सम्यक म्हणाले, आता प्रवास नको सांगितलाय. मी फक्त सुचवलं होतं.

दुपारी रत्नमाला फोनवर तनुजाशी बोलत होती. "बघू. ह्यांना एकट्याला सोडून कसं येऊ माय?" असं म्हणाली आणि मग बराच वेळ नुसती ऐकत राहिली. तिकडून तनुजाचा नाक ओढल्याचा आवाज येत होता. पिंपरीत गारठा आहे, सर्दी झाली असावी.

फोन ठेवल्यावर रत्नमाला म्हणाली, "तिला काय बी नको. नुसतं आई पाहिजे." मी म्हटलं, साहजिक आहे. आणि नाडी मोजायला घेतली.

भीती शून्य.

सोमवार, १७ फेब्रुवारी

आज रत्नमालाने मला घरी ठेवून खालच्या आशाबाईंकडे तासभर बसून यायचं ठरवलं. म्हणाली, "बघू जमतं का." काय जमतं ते मी विचारलं नाही. ती चारला गेली.

चार वाजून सहा मिनिटांनी मी जिन्यात येऊन बसलो. घरात कोंदट वाटत होतं, जिन्यात हवा चांगली होती. समोरच्या बिऱ्हाडातली मोनिका क्लासला निघाली होती, तिने विचारलं, "काका, किल्ली विसरले का?" मी हो म्हणालो. पोरगी गुणी, तिने खुर्ची आणून दिली. मग किल्ली नसल्यासारखं मला तिथेच बसावं लागलं. दार मागे सताड उघडं होतं.

पाचला रत्नमाला वर आली. मी खुर्चीत, एका हातात जिभेखाली ठेवायच्या गोळीचं पाकीट, दुसऱ्या हाताने नाडी धरलेली. तिने मला हाताने उठवलं. खुर्ची परत करून आली, चहा टाकला. चहा पिताना म्हणाली, "तिकीट रद्द करते. बसला लई गर्दी असती."

मी म्हटलं, तुझी इच्छा.

तनुजाला काय सांगणार ते मी विचारलं नाही. भीती शून्य लिहिलं आहे.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

सविस्तर लिहावं लागेल.

साडेसहाला बन्सीचा मिस कॉल आला नाही. सहा पस्तीस, नाही. सहा चाळीसला मी लावला. दोन रिंगा झाल्या आणि त्याने उचलला.

मी "बन्सीभाऊ, बन्सीभाऊ" म्हणालो. पलीकडून फक्त श्वास ऐकू येत होता. मग फोन बंद. पुन्हा लावला तर लागेना.

रत्नमाला भाजीला गेली होती. मी चपला घातल्या आणि निघालो. कोपऱ्यावरून रिक्षा करून सिडको स्टँड, तिथून शेंद्र्याची बस. याच रस्त्याने सव्वीस वर्षं कंपनीच्या गाडीने गेलो, पण आज चिकलठाणा संपता संपत नव्हतं. वाटेत मॅडमना फोन केला. त्यांनी सांगितलं, "छातीत दुखत असेल, घाम असेल, तर एकशे आठला फोन करा. नसेल तर सोबत घेऊन या." बसमधून उतरून त्याच्या शेतापर्यंत दीड किलोमीटर आहे. त्यातलं बरंचसं मी पळालो.

बन्सी मोटारीच्या खोलीच्या पायरीवर बसला होता. अंगावर घोंगडी. मोसंबीला फूल लागलेलं, सगळ्या शेतात वास. तो मात्र पाण्याची मोटारही चालू न करता बसलेला.

"दुखतंय का?"

त्याने मान हलवली. नाही.

"घाम? हात भरून आलाय? दम?"

"नाय."

"मग झालं काय?"

"काय बी नाय झालं साहेब." तो माझ्याकडे बघेना. "म्हातारी अजिंठ्याला गेली बहिणीकडं, दोन दिसासाठी. पहिल्यांदाच एकला राह्यलो. पडलो का वाटायचं, आता बंद पडतंय. उठून बसायचो, चालू असायचं. सकाळी तुमचा फोन वाजला अन् हातानं उचलला गेला. अन् बोलायचं काय, तेच सुधरंना. लाज वाटली. बंदच करून टाकला."

मी त्याच्याशेजारी बसलो. त्याची नाडी धरली. ८८. मग त्याने माझी धरली. त्याला ठोके मोजता येत नव्हते, तो नुसताच धरून बसला. म्हणाला, "तुमचं तर लई पळतंय." मी म्हटलं, ते पळत आलं म्हणून. असे आम्ही एकमेकांचं मनगट धरून किती वेळ बसलो ते मी नोंदवलं नाही.

मग तो म्हणाला, "साहेब, एक सांगू का? मॅडमनी मला पयल्याच दिशी सांगितलं व्हतं. साळवे साहेब वरून कडक हायत, पर आतून लई भ्यालेले हायत, त्येंच्यावर ध्यान ठेवा. म्हून तर मी हसत ऱ्हायचो. अन् बघा, मीच फोन उचलला."

बिचारा. मॅडमनी हे मला त्याच्याबद्दल सांगितलं होतं. दोन रात्री झोप नाही, गोंधळ होणारच. मी वाद घातला नाही. पेशंटशी वाद घालू नये.

मोटार चालू करून, झाडांना पाणी सोडून आम्ही दवाखान्यात गेलो. मॅडमनी दोघांचाही ईसीजी काढायला लावला. दोन्ही ठीक. माझा कशाला काढला ते कळलं नाही. बन्सीच्या बायकोला, भागूबाईंना, फोन गेला, त्या दुपारच्या गाडीने निघाल्या. बन्सी त्या येईपर्यंत दवाखान्यातच बसतो म्हणाला.

घरी पोचलो तेव्हा रत्नमाला खाली फाटकात उभी होती. तिच्या हातात माझं गोळीचं पाकीट होतं. ते फ्रिजवर राहिलं होतं. माझ्या लक्षातच आलं नव्हतं. गडबडीत तिला एक फोनही केला नव्हता.

"कुठं गेलते?"

"शेंद्र्याला."

"एकले?"

"बसने."

ती जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसली. पदर तोंडाला लावला. हसत होती का रडत होती ते मला बाजूने दिसलं नाही. मग म्हणाली, "बसला गर्दी व्हती का?"

मी म्हटलं, "नव्हती."

बीपी घ्यायचं राहिलं. नाडी बन्सीने धरली, आकडा माहीत नाही. भीतीचा रकाना कोराच राहिला. वेळ मिळाला नाही.

शनिवार, १ मार्च

रत्नमाला आज सकाळच्या बसने पिंपरीला गेली. तिकीट तिने २२ तारखेलाच पुन्हा काढलं होतं. मी अडचणी सांगितल्या नाहीत. एकदा गॅसचं म्हणालो, मग गप्प बसलो.

निघायच्या आधी तिने पोह्यांच्या डब्यातून कागदाची पुडी काढून माझ्या हातात दिली. आत बाथरूमची कडी आणि चार स्क्रू. मी विचारलं, ही तुझ्याकडे कशी? म्हणाली, "सापडली."

अडीच महिन्यांनी कडी चारही स्क्रूंसकट सापडते आणि तीही पोह्यांत. मी स्क्रू पुन्हा मोजले. ती म्हणाली, "लावा. दार नुसतं लोटून दीड महिना काढणार व्हय? कोणी आलं-गेलं तर?"

तिला स्टँडवर सोडून आलो आणि कडी लावली. एक स्क्रू फिरून फिरून जात होता, त्याला काडीपेटीची काडी घातली. बसली. दिवसभर लावून काढून बघत होतो. दार उघडं ठेवून, बाहेर उभा राहून. अंघोळ उद्यावर ढकलली.

भीती शून्य.

रविवार, २ मार्च

साडेसहाला बन्सीचा मिस कॉल आला. मी उलटा दिला. हजर.

आठला अंघोळीला गेलो. फोन खिडकीत ठेवला. कडी लावली. मग काढली. मग पुन्हा लावली आणि पाटावर बसलो. बादली भरलेली होती. तांब्या हातात होता. बाहेर कोणी काही धूत नव्हतं.

घर इतकं शांत असतं हे मला माहीत नव्हतं. १४ डिसेंबरची सकाळ जशीच्या तशी आठवली. ओला हात कडीवरून सटकत होता, बाहेर रत्नमाला दार बडवत होती, आणि मला तिला सांगायचं होतं की मी आहे, अजून आहे, पण तोंडातून आवाज येत नव्हता. पाच मिनिटं. तिचं घड्याळ बरोबर होतं.

किती वेळ तसाच बसलो होतो कोण जाणे. फोन वाजला. बन्सी. नियमाप्रमाणे उचलायचा नाही. पण मिस कॉल दोन रिंगांचा असतो, हा वाजतच राहिला. ओल्या हाताने उचलला.

"साहेब, पानी गरम हाय का?"

याला पाण्याचं कोणी सांगितलं ते मी विचारलं नाही. मला कळलं. दारामागे बसून रोज ती काय विचारत होती, तेही कळलं.

"हो," मी म्हणालो. "गरम आहे."

"मंग न्हा निवांत. ठेवू नका फोन. मी हाय." आणि मागे कोणाला तरी म्हणाला, "हाय, हाय, बोलतेत." भागूबाईंचा आवाज आला, "इचारा, जेवायला येतेत का शेंद्र्याला."

पाणी केव्हाच निवलं होतं. तसंच अंगावर घेतलं. फोनमधून बन्सीची मोटार ऐकू येत होती. दर दोन मिनिटांनी तो विचारायचा आणि मी खाकरायचो. शेवटी मी रडलो तेही त्याने खाकरणंच धरलं असेल.

नंतर रत्नमालाचा फोन आला. तनुजा बरी आहे. आई आल्यापासून दोनदा जेवली. रत्नमालाने विचारलं, अंघोळ झाली का. झाली म्हणालो. तिने "बरं" म्हणून ठेवला.

आता रकाने भरतो आहे. मागची पानं चाळली. एक दिवस कोरा आणि बाकी बावन्न शून्य, सगळे एकाच अक्षरात, एकाच शाईत. असं मस्टर कोणी माझ्या टेबलावर आणलं असतं तर मी त्याला दारातूनच परत पाठवलं असतं. शून्य खोडत नाही. बुधवारी मॅडमना दाखवीन आणि तोंडाने सांगेन.

बीपी १३४/८६. नाडी ८०. भीती सात.

दुपारी जेवायला शेंद्र्याला जायचं आहे. पाऊणची बस आहे.